आर्जव, धाक आणि तिसरी वाट

जुन्या मराठी घरांतून, मग ती इंदूरच्या रामबागेत असोत, ग्वाल्हेरच्या लष्करात असोत की बडोद्याच्या वाडीत, पंगतीतला आग्रह हा मायेचाच भाग समजला जाई. कोणी किती घेतले, कोणाच्या पानात काय उरले, यावर वाढणाऱ्या बाईचा डोळा असे. अशा घरात एखादी मुलगी अर्ध्या पानावरून उठू लागली की सारे घर अस्वस्थ होई. प्रथम आर्जव होई: एवढा घास आईसाठी, एवढा आजीसाठी. आर्जवाने भागले नाही की धाक येई: जेवली नाहीस तर वडिलांना सांगू, शाळा बंद करू. या दोन उपायांपलीकडे तिसरा उपाय आमच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नव्हता, आणि खरे सांगायचे तर परवापरवापर्यंत आम्हांलाही ठाऊक नव्हता.

आमच्या आजोळी एक मावशी होती. लहानपणी आम्ही तिला पाहिले ते व्रतस्थ म्हणून. चातुर्मास संपला तरी तिचे उपास संपत नसत. ती सर्वांना हौसेने करून वाढी. स्वतः मात्र सर्वांच्या मागून, एकटी, नावापुरती जेवी. ती अकाली गेली. घरात तिच्याबद्दल 'फार देवभोळी होती' एवढेच बोलले जाई. आज इतक्या वर्षांनी तिला एखाद्या रोगाचे नाव चिकटवणे न्यायाचे होणार नाही, कारण उपास करणारी असंख्य माणसे निरोगी आणि आनंदी असतात. तथापि दोन वर्षांपूर्वी आमच्या नातीच्या बाबतीत डॉक्टरांनी 'खाण्याचा विकार' हे शब्द उच्चारले तेव्हा आम्हांला प्रथम आठवली ती ही मावशी. त्यानंतर आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. या आजाराकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी तीनशे वर्षांत कशी बदलत गेली, आणि रुग्णाला खाऊ घालण्याबरोबर त्याला भावना सांभाळण्याची विद्या शिकवावी हा विचार कोठून आला, याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

या आजाराचे पहिले नेटके वर्णन लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात आढळते. ग्रंथ क्षयरोगावरचा आहे. त्यात त्यांनी दोन रुग्णांची हकीकत दिली आहे: अठराव्या वर्षी आजार जडलेली एक मुलगी आणि सोळा वर्षांचा एक मुलगा. दोघेही झिजत चालले होते, पण ताप नव्हता, खोकला नव्हता, फुफ्फुसात दोष नव्हता. या झिजण्याचे मूळ मनाच्या चिंता आणि आवेगांत आहे, असे मॉर्टन यांनी नोंदवले. मुलीने औषधे लवकरच नाकारली आणि काही महिन्यांत ती वारली. मुलाला त्यांनी अभ्यास सोडून खेड्यातील मोकळ्या हवेत जाण्याचा सल्ला दिला आणि तो बऱ्याच अंशी सुधारला. हा आजार केवळ मुलींचा नाही, ही गोष्ट या पहिल्याच नोंदीत लिहिली गेली होती. पुढे मात्र वैद्यकाला तिचा बराच काळ विसर पडला.

त्यानंतर जवळजवळ दोन शतके गेली. १८७३ साली पॅरिसचे डॉ. शार्ल लासेग आणि लंडनचे सर विल्यम गल या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या आजाराचे वर्णन केले. गल यांचा निबंध १८७४ साली छापून आला आणि त्यांनी दिलेले 'अनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ झाले. नावाचा अर्थ मज्जातंतूंच्या कारणाने आलेली अन्नावरची वासना नसणे असा होतो. हे नाव फसवे आहे. पुढे असे दिसून आले की या रुग्णांची भूक बहुधा मेलेली नसते. ते तिच्याशी अहोरात्र झगडत असतात.

लासेग यांचा निबंध वाचताना आम्ही थबकलो. त्यांचे लक्ष रुग्णाइतकेच कुटुंबाकडे आहे. मुलगी जेवत नाही असे दिसल्यावर घरच्यांपाशी दोनच साधने असतात, विनवणी आणि धमकी, आणि ती दोन्ही ते संपेपर्यंत वापरतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. पाने जितकी अधिक वाढली जातात तितकी भूक अधिक पळते, हेही ते सांगतात. फ्रान्समधल्या त्या घरांत आणि आमच्या माजघरात हजारो कोसांचे अंतर होते. पण आर्जव आणि धाक ही जोडी दोन्हीकडे सारखीच होती.

गल यांनी यावर जो उपाय सांगितला तो व्यवहारी होता. रुग्णाला ठरावीक वेळाने, त्याच्या इच्छेवर न सोडता अन्न द्यावे. भोवती शांत आणि खंबीर माणसे असावीत. आणि या कामी नातेवाईक व मित्र हे सर्वांत वाईट शुश्रूषक होत. १८८० च्या दशकात पॅरिसचे शार्को यांनी यावर कडी केली आणि मुलीला आईवडिलांपासून पूर्णपणे वेगळे ठेवणे हाच मुख्य उपचार ठरवला. अन्न आधी, हे गल यांचे तत्त्व आजही खरे आहे. परंतु घरचे लोक हेच दुखण्याचे मूळ, ही समजूत जी तेव्हा रुजली ती शंभर वर्षे टिकली आणि तिने असंख्य आयांच्या माथी विनाकारण दोष मारला.

विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यक काही काळ दुसऱ्याच वाटेने गेले. १९१४ साली हॅम्बुर्गचे मॉरिस सिमंड्स यांनी मेंदूखालील पीयूषिका ग्रंथी नष्ट झाल्याने होणाऱ्या शरीरक्षयाचे वर्णन केले, आणि पुढची काही वर्षे अन्न टाकणाऱ्या अनेक मुलींना याच ग्रंथीचा विकार आहे असे समजून ग्रंथीचे अर्क दिले गेले. मनाचा विषय मागे पडला.

तो पुन्हा पुढे आणण्याचे श्रेय बरेचसे हिल्डे ब्रुख यांना जाते. १९०४ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या बालरोगतज्ज्ञ स्त्रीला नाझी राजवटीमुळे १९३३ साली देश सोडावा लागला. इंग्लंडमार्गे त्या अमेरिकेत गेल्या, तेथे मनोविश्लेषण शिकल्या आणि पुढे ह्यूस्टन येथे प्राध्यापक झाल्या. १९६२ साली त्यांनी मांडले की अशा रुग्णांना आपल्या शरीराचे रूप जसे आहे तसे जाणवत नाही. आत उठणाऱ्या संवेदना ओळखता येत नाहीत. आणि आपल्या हाती काहीच नाही या भावनेने ते ग्रासलेले असतात. यातील दुसरा मुद्दा आमच्या विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. भूक, राग, एकटेपणा, थकवा हे सारे आतून येणारे निरोप. ते वेगवेगळे ओळखणे माणूस लहानपणी शिकतो. मूल कशासाठीही रडले तरी त्याच्या तोंडात अन्नच घातले गेले, तर त्याला या निरोपांतील भेद कळेनासा होतो, असे ब्रुख यांचे म्हणणे होते. १९७३ साली त्यांचा मोठा ग्रंथ आणि १९७८ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेले 'द गोल्डन केज' प्रसिद्ध झाले. आईला जबाबदार धरण्याचा त्यांचा कल आज मान्य होत नाही. पण भावना ओळखता न येणे आणि खाणे बिघडणे यांचा संबंध त्यांनी दाखवला, तो टिकला.

हा संबंध दुहेरी आहे, हे दाखवणारा एक प्रयोग त्याआधीच होऊन गेला होता. महायुद्धात युरोपचा मोठा भाग उपासमारीने होरपळत असताना, १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने प्रयोगात आले होते. भुकेने ते केवळ कृश झाले नाहीत. ते चिडचिडे, खिन्न, एकलकोंडे झाले. पाककृतींची पुस्तके जमवू लागले. दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांचे खाणे बराच काळ ताळ्यावर आले नाही. ज्यांच्या मनात आधी काही दोष नव्हता त्यांची ही स्थिती झाली. बिघडलेल्या भावना खाणे बिघडवतात हे जितके खरे, तितकेच उपासमार भावना बिघडवते हेही खरे. म्हणून आजही कोणताही जाणता वैद्य प्रथम शरीराचे पोषण सावरतो आणि मनाच्या शिकवणीचे काम त्याच्या जोडीने करतो.

१९७९ साली लंडनचे जेराल्ड रसेल यांनी तीस रुग्णांच्या अनुभवावरून दुसऱ्या एका विकाराला 'ब्युलिमिया नर्व्होसा' हे नाव दिले. यात अनावर खाण्याचे झटके येतात आणि त्यानंतर भीतीने ते खाणे निष्फळ करण्याचा खटाटोप होतो. असा रुग्ण चारचौघांत व्यवस्थित दिसतो. त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८१ पासून यासाठी विचार आणि वर्तन यांवर आधारलेली उपचारपद्धती घडवली, आणि ती अनेकांना लागू पडली. तरीही पुष्कळ रुग्ण तिने बरे होत नव्हते. २००३ साली फेअरबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनीच हा विकार टिकवून धरणाऱ्या कारणांत आणखी काहींची भर घातली. त्यांतले एक होते, मनाच्या तीव्र अवस्था सहन न होणे. काही माणसांना राग, लाज किंवा रितेपण क्षणभरही पेलवत नाही, आणि खाणे किंवा न खाणे हाच त्यांच्या सुटकेचा दरवाजा होतो.

हे न पेलणारे पेलायला शिकवता येते, असे म्हणणारी बाई दुसऱ्याच क्षेत्रातून आली. मार्शा लिनेहन यांचा जन्म १९४३ साली अमेरिकेतील टल्सा येथे झाला. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्या वारंवार आत्मघाताकडे वळणाऱ्या स्त्रियांवर उपचार करीत. केवळ 'बदला' असे सांगितले की या स्त्रियांना आपले दुःख कोणी समजून घेत नाही असे वाटे. केवळ सहानुभूती दाखवली की काहीच बदलत नसे. तेव्हा स्वीकार आणि बदल ही दोन परस्परविरोधी वाटणारी तत्त्वे त्यांनी एकत्र बांधली. 'डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी' या नावातील पहिल्या शब्दाचा रोख याच द्वंद्वाकडे आहे. तिची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि १९९३ साली पद्धतीचा ग्रंथ व कौशल्ये शिकवण्याची पुस्तिका निघाली. २०११ साली लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितले की सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, आपण स्वतःच हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल होतो आणि तेथे दोन वर्षांहून अधिक काळ काढला. हे त्यांनी त्याच रुग्णालयात जाऊन सांगितले. शिकवणारी स्वतः त्या अंधारातून आली होती.

या पद्धतीत चार विषय शिकवले जातात: सजगता, क्लेश सहन करणे, भावनांचे नियमन आणि माणसांशी वागण्याचे कौशल्य. सजगतेचा भाग लिनेहन यांनी झेन साधनेवरून घेतला आणि धार्मिक विधी बाजूला ठेवून तो व्यवहारात उतरवला. झेनचे मूळ बुद्धाच्या शिकवणीत आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. 'म्हणजे हे सारे आपल्याकडचेच' असे म्हणून मान डोलावण्याचा मोह आम्हांलाही झाला. पण आपल्याकडचे असूनही आमच्या मावशीपर्यंत ते कोणी पोहोचवले नाही, ही आठवण त्या मोहावर पुरेशी आहे.

खाण्याच्या विकारांसाठी या पद्धतीत फेरफार करण्याचे काम कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टी टेल्च, स्टुअर्ट अॅग्रास आणि डेब्रा सेफर यांनी केले. वीस आठवडे, आठवड्यातून एकदा, दोन तासांचा वर्ग. वर्गच म्हणायचा, कारण आरंभी घरी केलेल्या अभ्यासाची उजळणी होई आणि मग नवा पाठ. पाठ कसले, ते थोडक्यात सांगतो. पहिला पाठ भावनेला नाव देण्याचा: मला 'कसेतरी' होते आहे असे न म्हणता, मला लाज वाटते आहे, मला मत्सर वाटतो आहे, असे ओळखायचे. दुसरा, साखळी उलगडण्याचा: अनावर खाण्याचा झटका आकाशातून पडत नाही, सकाळची झोप न होणे, दुपारी कोणाचा तरी टोमणा, संध्याकाळचे रिकामे घर, अशा कड्या त्याआधी असतात, आणि त्यांतली कोणती कडी तोडता येईल हे कागदावर लिहून पाहायचे. तिसरा, ऊर्मी लाटेसारखी चढते आणि उतरते हे अनुभवण्याचा: तिच्याशी न झुंजता आणि तिच्या आधीन न होता ती ओसरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहायचे. चौथा, उलट कृतीचा: लाजेने खोलीचे दार लावून घ्यावेसे वाटते, आणि लाज वाटण्याजोगे आपण काही केलेले नसते, तेव्हा जाणूनबुजून चार माणसांत येऊन बसायचे. याशिवाय झोप, वेळेवर जेवण आणि आजारपणाची काळजी, कारण थकल्या शरीरात कोणतीच भावना आवरत नाही.

२००१ साली या वर्गाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अनावर खाण्याचा विकार असलेल्या ४४ स्त्रियांच्या या चाचणीत वर्ग पूर्ण करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांचे झटके वर्गाअखेर थांबले होते. नुसत्या प्रतीक्षेत ठेवलेल्या गटात हे प्रमाण १२.५ टक्के होते. सहा महिन्यांनी मात्र पहिला आकडा ५६ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी ब्युलिमियाच्या ३१ स्त्रियांवरील चाचणीतही सुधारणा दिसली, पण ती अधिक माफक होती. २०१० साली सेफर यांनी १०१ रुग्णांची आणखी कडक परीक्षा घेतली. यात दुसऱ्या गटाला कौशल्ये न शिकवता केवळ आधार देणारा वर्ग दिला होता. कौशल्ये शिकलेला गट लवकर सुधारला आणि त्यातून गळती कमी झाली. पण वर्षभरानंतर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. आमच्या मते हा निष्कर्ष नीट समजून घ्यावा. शिकवणीचे मोल आहे, आणि कोणीतरी दर आठवड्याला आपल्यासाठी बसते याचेही मोल आहे.

दुसरीही एक मर्यादा कळली. अन्न टाकणाऱ्या कित्येक रुग्णांची अडचण भावना अनावर होण्याची नसतेच. त्यांनी त्या इतक्या घट्ट आवळून ठेवलेल्या असतात की चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. अशांना आणखी संयम शिकवणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे. त्यांच्यासाठी थॉमस लिंच यांनी याच पद्धतीची निराळी शाखा काढली. तिचा ग्रंथ २०१८ साली आला आणि तिचा भर मोकळेपणा व माणसांत मिसळणे यांवर आहे. संयम आणि टापटीप हेच मुलीचे भूषण मानणाऱ्या आमच्यासारख्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे. या साऱ्या पद्धती अजून पहिल्या पसंतीच्या उपचारांची जागा घेत नाहीत. प्रौढांसाठी विचार-वर्तनाची पद्धती आणि लहानांसाठी कुटुंबासह उपचार यांनाच प्रथम स्थान आहे. त्या कुटुंबोपचाराची कथाही रंजक आहे: १९८७ साली लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रसेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अल्पवयीन आणि आजार नवा असलेल्या रुग्णांच्या बाबतीत आईवडील हेच सर्वांत मोठे सहायक ठरतात. गल यांनी बाहेर काढलेले घर शंभर वर्षांनी पुन्हा आत आले.

आपल्या देशात हे विकार नाहीतच, अशी समजूत बराच काळ होती. १९९५ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या जेवण टाळीत, उलट्या करीत, झिजत. पण लठ्ठपणाच्या भीतीचे पाश्चात्त्य पुस्तकांतील वर्णन त्यांना लागू पडत नव्हते. २०१२ साली बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश डॉक्टरांनी असा एक तरी रुग्ण पाहिल्याचे सांगितले. आपल्याकडे हे दुखणे पोटाच्या तक्रारीचे किंवा व्रताचे रूप घेऊन येत असेल, तर ते ओळखणे अधिकच कठीण.

आता आमच्या घराविषयी दोन शब्द. नात आजारी आहे हे कळल्यावर आम्ही प्रथम विनवले आणि मग, सांगायला संकोच वाटतो, रागावलो. 'घरात काय कमी आहे तुला?' असे म्हणालो. तिने ताट सारले आणि आत गेली. काही महिन्यांनी, उपचार सुरू असताना, ती एक वही घेऊन आमच्यापाशी आली. रोज कोणती भावना किती तीव्र होती आणि त्या वेळी काय केले, याची त्यात नोंद होती. ती म्हणाली, "आजोबा, मला जेव म्हणू नका. जेवताना नुसते शेजारी बसा, आणि दुसरे काहीतरी बोला." त्या दिवशी आम्ही तिला जुन्या इंदुरातील ट्रामगाडीच्या नव्हे, टांग्यांच्या गोष्टी सांगितल्या, ट्राम येथे कधी नव्हतीच, हे तिनेच हसत आमच्या लक्षात आणून दिले. ताट हळूहळू रिकामे झाले. सगळेच दिवस तसे गेले नाहीत, आजही जात नाहीत. पण ती बरी होत आहे.

वाचकांच्या घरी कोणी असे अन्नाशी झगडत असेल, मुलगी असो वा मुलगा, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. हा आजार जिवावर बेतू शकतो. शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि पंगतीत आपल्या शेजारी कोणी सावकाश जेवत असेल, तर त्याच्या पानाकडे पाहू नये, एवढीच विनंती.